कंपाउंडातला रेगे

बासगिटार वाजवणारे अण्णा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मी ह्यांची लुंगी पिळत होते. सकाळपासूनची ती तिसरी. दुपारचे अडीच वाजले असतील. ह्यांना अर्धांग होऊन तेव्हा आठ महिने होत आले होते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. अगदीच गेलं असं नाही, चार-पाच शब्द राहिले. 'न्हाई', 'व्हय', 'पाणी', 'बंद', आणि एक शिवी, जी धडधाकट असताना त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारली नव्हती.

"अक्का, सावकार जागे हायेत का?" अण्णांनी विचारलं.

"जागेच असतात," मी म्हणाले. "मी पण."

अण्णा सत्तरीचे. सगळी नोकरी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेलेली. बीदरच्या मिशन कंपाउंडात, ख्रिस्ती वस्तीत, राहतात. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं, पण मधल्या काही वर्षांत येणंजाणं कमी झालं होतं. आजारपणात मात्र ते दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा पलंगाजवळ बसून एकटेच बोलले आणि जाताना दारात डोळे पुसून गेले. आजही मला वाटलं, तसंच असेल. मी चहा टाकायला निघाले. खरं सांगायचं तर पाहुणा आला की मला आनंद होईनासा झाला होता. पाहुणा म्हणजे दोन कप जास्त.

"चहा नको. बसा तुम्ही," अण्णा म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "क्या सावकार, नाताळाला वाजवायलोय आम्ही. सगळे. जेवढे उरलोय तेवढे. तुम्ही या. नुसतं येऊन बसा."

"न्हाई," हे म्हणाले. ताबडतोब.

"कामून न्हाई?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमचे सासरे बीदरजवळच्या चिटगुप्प्याचे, बी-बियाणं आणि खतांचं दुकान. घरात रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा, लसूण-कांदासुद्धा ठरावीक दिवशी बंद. ह्यांना शिकायला बीदरला ठेवलं ते कंपाउंडातल्या शाळेत, कारण ती चांगली होती. तिथं ह्यांना ड्रम भेटला. शाळेच्या बँडचा एक मोठा नि दोन लहान, एवढंच. पण हे सुटीच्या दिवशीही घरी जायचे नाहीत. चार ख्रिस्ती पोरं आणि एक लिंगायत, असा त्यांचा बँड जमला. दुकानदाराचं पोर म्हणून ती ह्यांना सावकार म्हणायची.

अण्णांचा एक मावसभाऊ जहाजावर होता. त्यानं कॅसेटी आणल्या, त्या रेगेच्या, म्हणजे जमैकाच्या संगीताच्या. जमैका नकाशात कुठं आहे हे त्या पाचांपैकी एकालाही सांगता आलं नसतं, पण त्या कॅसेटी त्यांनी टेप तुटेपर्यंत ऐकल्या. मग नाताळची भजनं त्या चालीवर बसवली. मराठी, कानडी, मधेच दखनी. कंपाउंडातले वडीलधारे भडकले होते म्हणे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हलायला लावणारं गाणं कसं काय? पण लोक हलले. पुढं उदगीर, हुमनाबाद, झहीराबाद, जिथं बोलावणं येईल तिथल्या लग्नांत ते वाजवत फिरले. मी उदगीरची. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते घामानं भिजलेल्या पिवळ्या शर्टात, ड्रमच्या मागं.

लग्नानंतर ह्यांनी मला ते शिकवायचा प्रयत्न केला. बाहेरच्या खोलीत रेडिओ, माझ्या मांडीवर पिठाचा डबा. "पहिला ठोका वाजवायचाच न्हाई," ते सांगायचे. "सगळे पहिल्यावर मारतात. आपण तिसऱ्यावर मारायचं. पहिला मोकळा सोडायचा." मला कधीच जमलं नाही. माझा हात पहिल्यावर पडायचाच.

सासरे गेले आणि हे दुकानात बसले. कुणी जबरदस्ती केली असं नाही. थोरले चुलते एवढंच म्हणाले, "आता कोण बघणार?" ड्रम कंपाउंडात देऊन टाकले. पंचवीस-सव्वीस वर्षं ह्यांनी, आधी तिथं आणि मग बीदरला, तुरीचं आणि सोयाबीनचं बी विकलं, आणि ते चांगलं विकलं. बँडचं नाव घरात निघायचं ते नाताळच्या सुमारास कधीतरी, तेही कंपाउंडातून करंज्यांचा डबा आला की.

अण्णा गेल्यावर मी ह्यांच्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "जाऊ या."

"न्हाई."

"मला जायचंय."

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल मी त्यांच्यासाठी म्हणायलेय. तसं नव्हतं. आठ महिन्यांत मी औषधाचं दुकान, पीठगिरणी आणि दवाखाना सोडून कुठं गेले नव्हते. मला अशा एखाद्या ठिकाणी बसायचं होतं जिथं दुसरं कुणी माझ्या हातात कप देईल. लग्न असो, मयत असो, नाताळ असो, काहीही चाललं असतं.

"व्हय?" मी विचारलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डावा हात पांघरुणावरून उचलून पुन्हा खाली टाकला. मी तो होकार धरला.

नाताळाच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठले. कार्यक्रम दुपारी चारला होता. म्हाताऱ्या माणसांना थंडीत बसवत नाही म्हणून यंदा मुद्दाम लवकर ठेवलेला. पण आम्हाला चारला पोचायचं तर साडेपाचलाच उठावं लागतं. अंग पुसणं, पाठीवरच्या लाल झालेल्या जागी मलम, मग पूजा. इष्टलिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती, फूल मी वाहायचं. डावा तळहात शाबूत राहिला एवढं बरं, नाहीतर पूजेचं कसं करायचं हा वेगळा प्रश्न झाला असता. मग दुधात कुस्करलेली भाकरी, चमच्यानं, अर्धा तास. मग व्यायाम. मग ओली लुंगी बदलणं. दुपारी त्यांना पँट घालायची म्हटल्यावर मी दमून खाली बसले. पँट गुडघ्यापर्यंत आली होती आणि पुढं काही केल्या सरकेना. मी तिथंच फरशीवर बसून म्हणाले, "राहू दे. न्हाई जात."

तेवढ्यात अण्णा रिक्षा घेऊन आले. त्यांनी ह्यांना पाठीमागून बगलेत धरून उभं केलं आणि म्हणाले, "अक्का, ओढा." मी ओढली. सत्तरीच्या माणसात तेवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. नंतर रिक्षात ते बराच वेळ तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते.

कंपाउंडात चिंचेच्या झाडाखाली मांडव घातला होता, चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लाल मातीवर पाणी शिंपडलेलं होतं, त्याचा वास. आम्हाला पहिल्या रांगेत कडेला बसवलं. अण्णांची बायको, तिला मी वहिनी म्हणते, ताट घेऊनच आली. करंज्या, चकल्या आणि केक.

"केकमध्ये अंडं न्हाई, अक्का. तुमच्यासाठी वेगळा केलाय. पातेलं पण वेगळं."

मी तुकडा तोडला. चव कशी होती आठवत नाही. कुणीतरी माझ्यासाठी वेगळं पातेलं घासलं, तेवढं आठवतं.

प्रार्थना झाली, पाळकांचं, म्हणजे पाद्र्यांचं, भाषण झालं, लहान मुलांनी येशूच्या जन्माचं, गोठ्याचं नाटक केलं. त्यात एका मेंढराला खोकला लागला आणि सगळे हसले. मग बँडवाले आले. मांडवात शिट्या झाल्या. मला मात्र बघवेना. ह्या लोकांना मी कसं पाहिलं होतं! गाणारे सर शाळेत कवायत शिकवायचे, छाती अशी पुढं. आता त्यांची कवळी बोलताना खटखट वाजत होती. गिटारवाल्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, तरी अण्णांनी काही सांगितलं की ते "आँ?" करत होते. कीबोर्डवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. तो मात्र त्या चष्म्यात रुबाबदार दिसत होता. चौघांनी एकसारखे पिवळे शर्ट शिवून घेतले होते. पोटावर बटणं ताणलेली.

ड्रमवाला नव्हताच. ड्रम होते, जुनेच, कोपऱ्यात, एकाचं कातडं नवं घातलेलं. पण वाजवायला कुणी नव्हतं म्हणून कीबोर्डवाल्यानं मशीनमधला आयता ठेका लावला. टिक-धम, टिक-धम. गाणारे सर एका जागी चुकले. गिटारवाल्यांना मशीन ऐकू येत नव्हतं, ते आपले त्यांच्या लयीत च्यक-च्यक करत पुढं निघून गेले. अण्णा एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. आपली माणसं होती.

दुसरं गाणं सुरू झालं आणि शेजारून आवाज आला.

"बंद!"

मी दचकले. हे खुर्चीत पुढं झुकले होते, चेहरा लाल. "बंद! बंद!" आणि मग ती शिवी. पहिल्या रांगेत पाळक बसलेले, कंपाउंडातल्या बायका-मुली बसलेल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांचा हात दाबला, म्हणाले, "गप बसा हो, काय करायलाव." त्यांनी हात झटकला.

स्टेजवर अण्णांनी हात वर केला. मशीन थांबलं.

"सावकार बरोबर बोलायलेत," अण्णा माइकवर म्हणाले. "हा ठेका चुकीचा आहे. पहिल्यावर पडायलाय."

लोक हसले. मग अण्णा आणि गाणारे सर खाली उतरले. मला वाटलं ते ह्यांची समजूत काढायला आलेत. त्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं. मी "अहो पडतील, अहो पडतील" म्हणत मागं धावले, पण वहिनीनं माझा पदर धरला.

"राहू द्या अक्का. त्यांचं त्यांना बघू द्या."

छोटा ड्रम पुढं ओढला. ह्यांच्या डाव्या हातात काठी दिली. ती एकदा पडली, गाणारे सर वाकले, कंबर धरून उठले, पुन्हा दिली. अण्णांनी सुरुवात केली, नुसतं बास. धुम, धुमधुम. गिटारवाले अण्णांच्या पायाकडं बघून च्यक-च्यक करू लागले. हे बसून राहिले. एक फेरी गेली, दुसरी गेली. मी मनात म्हणत होते, देवा, हे सगळं लवकर संपू दे आणि आम्हाला घरी जाऊ दे.

मग काठी ड्रमच्या काठावर पडली. टक्. पुन्हा बराच वेळ काही नाही. टक्.

एवढंच. एका हाताचं, एका बाजूचं. ते फार सुंदर वाजलं असं मी म्हणणार नाही, मला त्यातलं कळतही नाही. पण गाणारे सर तिसऱ्या ओळीला हसले आणि त्यांचा आवाज सुटला. काळ्या चष्म्यानं मान हलवली. मागच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यातल्या दोघींनी पूर्वी ह्यांच्या ठेक्यावर नाच केला असणार, त्यांना पाय कुठं टाकायचा ते बरोबर माहीत होतं.

अर्ध्या गाण्यात ह्यांना रडू आलं. खांदे हलत होते, लाळ गळत होती, काठी चालू होती. मांडवात सगळ्यांचे डोळे भरून आले. माझे नाही आले. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की ह्या आजारात माणूस कारण नसताना रडतो, मेंदूचंच तसं होतं. हे जाहिरातीला रडतात, कुकरच्या शिट्टीला रडतात. आठ महिने मी ते रडणं पुसत होते. आजचं त्यातलंच होतं की वेगळं, मला ओळखता आलं नाही. आणि ओळखायला हवं असंही वाटलं नाही, इतकी मी दमले होते. पण गाणारे सर गाता गाता गेले, आपल्या शर्टाच्या बाहीनं ह्यांचं तोंड पुसलं आणि पुढची ओळ धरली. मी उठायच्या बेतात होते. उठले नाही. पहिल्यांदाच कुणीतरी दुसऱ्यानं ते पुसलं होतं.

त्यानंतरचं मला माहीत नाही, कारण मला झोप लागली.

डुलकी नव्हे, गाढ झोप. माइक, बास, टाळ्या, सगळं चालू असताना, पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर कुणाची तरी शाल होती, ऊन उतरलं होतं आणि माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. मी घाबरून उठले. हे कुठं गेले?

हे चिंचेखाली बसले होते, चौघांच्या मधे. अण्णा त्यांना बशीतून चहा पाजत होते. गाणारे सर म्हणाले, "अक्का, त्यांना लघवीला नेऊन आणलंय, काळजी करू नका." लाजेनं माझं तोंड उतरलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "साखर."

स्पष्ट. "साखर कमी."

चौघं हसले, अण्णांनी आणखी अर्धा चमचा घातला. मला मात्र रागच आला. आठ महिने मी तोंडाजवळ कान नेऊन विचारत होते, काय पाहिजे, काय पाहिजे. माझ्या चहाला कधी साखर कमी पडली नाही वाटतं! चार म्हाताऱ्यांत बसून ह्यांना शब्द सापडला. मी शाल घडी करून वहिनीला दिली. तिनं माझा चेहरा बघितला असणार. ती म्हणाली, "आमचे पण तसेच आहेत, अक्का. गिटारवाल्यांशी तासभर बोलतात. ते बहिरे आहेत तरी." मला हसू आलं. राग गेला नाही, पण हसू आलं.

रिक्षात हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसले. किल्ल्याजवळच्या वळणावर म्हणाले, "झोप."

"व्हय, लागली मला झोप. काय करू?"

मला वाटतं त्यांना तक्रार करायची नव्हती.

आमची मुलगी पुण्यात असते. कंपाउंडातल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ अण्णांनी माझ्या फोनवर पाठवला होता, तो मी न बघताच तिला पाठवून दिला. तिला वडिलांचं वाजवणं लहानपणापासून फक्त ऐकून माहीत. मला वाटलं ती खूश होईल. तासाभरानं तिचा फोन आला. ती रडत होती.

"आवडलं का?" मी विचारलं.

"आई, तू बघितलास का तो?"

"न्हाई. भाकऱ्या करायलेय."

"अप्पा मला नीट दिसलेच नाहीत. कोपऱ्यात तू दिसायलीस. तोंड उघडं टाकून झोपलीस. एवढ्या आवाजात. आई, तू किती वाळलीस? मला रोज 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणायचीस."

मी म्हणाले, "ठीकच आहे." मग फोन कानाशी धरून परातीतलं पीठ मळत राहिले. तवा तापून धूर निघाला तेव्हा मी गॅस बंद केला.

ती संक्रांतीला आली आणि पंधरा दिवस राहिली. आल्या आल्या माझ्याशी भांडली, की सांगितलं का नाहीस. मी म्हणाले, सांगून काय होणार होतं, तुझी नोकरी, तुझी लेकरं. ती म्हणाली, ते मी ठरवलं असतं. तिचं बरोबर होतं. तिनं जवळच्याच कमठाणा गावची एक बाई सकाळच्या कामाला ठरवली. अंग पुसणं, कपडे, खाणं, व्यायाम, सगळं अकरा वाजेपर्यंत. मला ते आधी नको होतं. परकी बाई ह्यांचं सगळं बघणार, लोक काय म्हणतील, असंच मला वाटत होतं.

ह्यांची तब्येत तशीच आहे. हात सुधारला नाही. शब्द पाच-सहा वाढले असतील. अण्णा दर गुरुवारी दुपारी रिक्षा घेऊन येतात, ह्यांना कंपाउंडात नेतात, पाचला आणून सोडतात. तिथं काय करतात मी विचारत नाही. गिटारवाले उन्हाळ्यात वारले. मातीला मी एकटीच गेले, हे आले नाहीत. पलंगावर बसून डाव्या हाताची बोटं चादरीवर दाबत राहिले.

एक सांगायचं राहिलं. कमठाण्याची बाई पहिल्या दिवशी आली तेव्हा मुलगी पुण्याला परत निघून गेली होती. बाईनं पदर खोचला, बादलीत पाणी घेतलं आणि मला म्हणाली, "अक्का, तुम्ही व्हा बाजूला." मी बाजूला झाले, पण खोलीच्या बाहेर पडेना. टॉवेल कुठाय, मलम कुठाय, हे सांगत दारात उभी राहिले. बाईला सगळं दिसत होतं. मला काय करावं कळत नव्हतं, हात मोकळे होते.

पलंगावरून हे म्हणाले, "जा."

मी जिना चढून गच्चीवर गेले. ऊन आलं होतं. शेजारणीनं कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या कडेला सतरंजी पसरली आणि आडवी झाले.